डायलिसिसवरचा कामगार एकटा पडू नये



मधुमेह आपल्या रेल्वेत आणि टपाल खात्यात नवा नाही. रात्रपाळी, अवेळी जेवण, ड्युटीच्या धावपळीत राहिलेली गोळी, यात साखर वाढत जाते आणि वर्षानुवर्षे काही दुखत नाही. मग एके दिवशी क्रिएटिनिनचा रिपोर्ट हाती येतो. किडनी कायमची निकामी होण्याच्या कारणांत मधुमेह सर्वांत पुढे आहे. पण त्या माणसाच्या मनाचे काय होते, हे कोणत्याही रिपोर्टात येत नाही.

पहिला घाव अपराधीपणाचा. "गोड खाल्लेस, आता भोग," असे घरचे म्हणतात, सोबतीही म्हणतात. ऐकून ऐकून त्यालाही ते खरे वाटू लागते आणि तो आजार लपवतो.

दुसरा घाव तहानेचा. डायलिसिसवरील अनेकांना दिवसाला साधारण लिटरभरच पाणी चालते. चहा-आमटीही त्यातच मोजायची. भेटायला येणारा मायेने शहाळे आणतो आणि पोटॅशियममुळे नेमके तेच वर्ज्य असते. सणाच्या पंगतीत तो पाहुण्यासारखा बसतो.

तिसरा घाव ओझे झाल्याचा. किडनी द्यायला बहुधा बायको किंवा आई पुढे येते. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत. घेणाऱ्याला ते देणे आयुष्यभर जड वाटते.

एवढ्यावर नोकरीची धास्ती. डायलिसिस सामान्यतः आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी सुमारे 4 तास. वर्षाला 156 फेऱ्या झाल्या! नियमित कर्मचाऱ्याच्या खात्यात वर्षाला पूर्ण पगारी रजा जमा होते 30 दिवस आणि अर्धपगारी 20. हिशेब कुठे बसतो? ग्रामीण डाक सेवकाला तर नियमित सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जाच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार नोंदले गेले. त्यांत किडनी निकामी होणे नाही. म्हणून केवळ या आजाराच्या नावावर त्या कायद्याचे संरक्षण मिळत नाही. रजा संपते तशी त्याची झोप उडते.

आमचे मत स्पष्ट आहे. या माणसाला धीराचे चार शब्द हवेतच, पण धीर टिकतो तो हातात काही ठोस असेल तरच. डायलिसिसच्या दिवसांसाठी खास रजा, रोस्टरमध्ये ठरलेली पाळी आणि झेपेल असे काम, या मागण्या युनियनने लावून धरल्या पाहिजेत. अर्ज घेऊन त्याला एकट्याला साहेबांच्या दारात उभे करू नका; शाखेचा पदाधिकारी सोबत गेला पाहिजे. आणि ज्यांना आज फक्त मधुमेह आहे, त्यांनी दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

शाखेच्या पुढच्या सभेत विचारा: आपल्यापैकी कोण डायलिसिसवर आहे? एखादे नाव निघू शकते. त्याच्या घरी जा. शहाळे नको, त्याच्या रजेचा हिशेब सोबत घेऊन बसा.