खापरपणजोबा फौजदार होते, पुढे काय?

बेळगावकरांनो, 'आमचे खापरपणजोबा राणीच्या राज्यात फौजदार होते' एवढं सांगून थांबू नका. 1956 पर्यंत आपला जिल्हा मुंबईकडे होता; कागद मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारातही शोधा. आडनावावर अडून बसू नका, पुष्कळदा नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं. घरातले मोडीचे रुमाल आधी वाचून घ्या.

आणि सापडेल ते सगळं सांगा. वरचा सुपरिंटेंडेंट बहुधा गोरा, हुकूम बजावणारा आपला माणूस. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना 1858 साली फाशी दिली ती याच बेळगावात. अशा काळात आपला माणूस कुणाच्या बाजूनं उभा होता, हे विचारण्यात त्याचा अपमान नाही. नुसता पगडीतला फोटो भिंतीवर लावला, तर ओळख अर्धीच राहते.