थांबायची शिकवणी

उल्हासनगरहून बदलापूरपर्यंत ज्याने गाडी सुखरूप आणली, त्याला जगाच्या पाठीवर कुठेही गाडी चालवता येते, असा एक समज आमच्याकडे कुलाचारासारखा पाळला जातो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात हातगाडीवरचा डबल बेड आडवा येतो, अंबरनाथला रिक्षावाला नुसता पाय बाहेर काढून वळतो, आणि बदलापूरच्या उड्डाणपुलावर तर गाडी आपण चालवतच नाही, मागची मंडळी ती हॉर्नने ढकलत नेतात. या सगळ्यातून ओरखडा न उठता घरी पोचणाऱ्याचा ऊर भरून येणं साहजिक आहे. पण वाचकहो, याला चुकवाचुकवी म्हणतात, ड्रायव्हिंग नव्हे. लोकलमध्ये चौथी सीट पटकावणाऱ्याला आपण मल्लखांबपटू म्हणतो का?

आमच्या सोसायटीच्या सभेत मी परवा एक सूचना मांडली. लायसन्स हातात ठेवण्याआधी प्रत्येकाला एक दिवस रेसच्या ट्रॅकवर, शिकवणाऱ्या माणसाच्या शेजारी बसवावं. सभेत शांतता पसरली.

"रेस म्हणजे महालक्ष्मीची ना?" जोशीकाकांनी विचारलं.

"अहो, आधी टाकीच्या पाण्याचं बघा," सेक्रेटरी म्हणाले. एका वहिनींनी तर आमच्या हिच्याकडे इतक्या कणवेने पाहिलं, की माझं पाऊल घोड्यांच्या दिशेने वाकडं पडल्याची पक्की बातमीच त्यांना लागली असावी.

ट्रॅकवर वेग शिकवतात, ही या साऱ्या गोंधळाची मुळी. मी पुतण्याबरोबर कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमच्या कारी मोटर स्पीडवेवर जाऊन आलो आहे, म्हणून सांगतो. ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा, कल्याण-शीळ रस्त्यावर तेवढी रांग लागली तर आपण तिला रांगही म्हणत नाही. पण तिथे सकाळचा अख्खा वेळ आम्हाला फक्त थांबायला शिकवलं. माझ्या आधी ठाण्याच्या एका वकीलसाहेबांचा नंबर होता. शेजारी बसलेले मास्तर म्हणाले, "ब्रेक दाबा." वकीलसाहेबांनी दाबला. मास्तर शांतपणे म्हणाले, "सर, हा ब्रेक नाही, हा विनंती अर्ज झाला."

आणीबाणीत माणूस ब्रेक अर्धाच दाबतो. ही काही एकट्या वकिलांची खोड नाही. जगभर हेच दिसल्यामुळे 1996 साली मर्सिडीज कंपनीने, पाय दचकून पडला की उरलेला ब्रेक आपण होऊन दाबणारी यंत्रणा गाडीत घातली. आपल्याकडे 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. चाकं जाम होऊ न देण्यासाठी ते पायाखाली थरथरतं. ही थरथर ज्याने कधी अनुभवलेली नाही, तो गाडी मोडली असं समजून नेमक्या त्याच क्षणी पाय काढून घेतो!

पुढचा धडा टायरचा. एक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढा टेकतो. त्याची पकड म्हणजे मध्यमवर्गीयाचा पगार, एकदाच खर्च होणारा. सगळा ब्रेकवर उधळलात तर वळणासाठी शिल्लक नाही. म्हणून ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात शिरताना हळू, बाहेर पडताना जोर. आणि नजर लांब, जिथे जायचं तिथे. खांबाकडे बघाल तर खांबाकडेच जाल.

हिशेबही साधा आहे. ताशी 60 च्या वेगाने एका सेकंदात गाडी 17 मीटर जाते, म्हणजे लोकलचा जवळजवळ एक डबा. तो सेकंद नुसता "अरे!" म्हणण्यात जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 20 मीटर तरी हवेत. वेग दुप्पट केला की हे ब्रेकचं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं.

आता आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आठवा. मास्तरांच्या पायाखाली वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. पंधरा दिवस आपण स्टिअरिंग धरून बसतो आणि गाडी ते थांबवतात. सोळाव्या दिवशी मास्तर जातात आणि जाताना आपला ब्रेकही घेऊन जातात. ट्रॅकवरच्या मास्तरांपाशी मात्र नुसता आवाज होता.

कोणी म्हणेल, पोरं शेफारतील. आक्षेप खरा आहे. नॉर्वेत घसरती गाडी सावरायला शिकवलं, तेव्हा तरुण मुलांची फाजील हिंमत वाढल्याचा अनुभव आला. म्हणूनच कसरती शिकवू नयेत. गाडी किती लवकर हाताबाहेर जाते, हे दाखवावं. ऑस्ट्रियात 2003 पासून नव्या चालकाला बंद मैदानावरचा एक दिवस सक्तीचा आहे. आमच्याकडची पोरं रात्री काटई-बदलापूर रस्त्यावर मोफत ट्रॅक चालवतातच, फक्त तिथे मास्तर नसतो.

कोणी म्हणेल, जागा कुठाय? सिल्वरस्टोन काय, मद्रासजवळचं शोलावरम काय, दोन्ही ट्रॅक महायुद्धातल्या विमानतळांवरच उभे राहिले. तशी धावपट्टी आमच्या शेजारी नेवाळीलाही होती. पण तिथल्या जमिनीसाठी 2017 साली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या जखमेवर मला ट्रॅक नको. एखाद्या कारखान्याचं बंद आवार, सुट्टीचा दिवस, दहा प्लास्टिकचे कोन, पाण्याचा एक टँकर आणि एक खमका मास्तर, एवढं पुरे.

राहिला खर्च. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. म्हणजे लहानथोरांसकट जवळजवळ एक बदलापूर, एका वर्षात. आणि आपण आठ-दहा लाखांची गाडी घेतो, सीट कव्हर घेतो, मागच्या काचेवर मुलांची नावं लिहून घेतो, लिंबू-मिरची दर शनिवारी बदलतो. ती थांबते कशी, हे बघायला मात्र आपल्यापाशी एक सकाळ नाही.

नारळ गाडीपुढे जरूर फोडा. पण मोकळ्या, बंद जागी, जाणत्या माणसाला शेजारी बसवून, ब्रेक एकदा तळापर्यंत दाबूनही बघा. देवाला तेवढंच काम कमी.