'विद्यार्थी-खेळाडू' : एका जोडशब्दाचा इतिहास

१/ अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडू हल्ली दरवर्षी संघ बदलतात, निष्ठा उरली नाही, अशी हळहळ तिकडे वारंवार ऐकू येते. ही तक्रार मला अर्धवट वाटते. निष्ठेचा व्यवहार आधी कोणी एकतर्फी केला, हे पाहण्यासाठी १९५५ पर्यंत मागे जावे लागते.

२/ त्या वर्षी कोलोरॅडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाकडून फुटबॉल (अर्थात अमेरिकन, चेंडू हातात घेऊन धावण्याचा) खेळताना रे डेनिसन डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. फुटबॉल हा महाविद्यालयाचा व्यवसाय नव्हे, असे म्हणत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली.

३/ त्याच काळात 'एनसीएए' या नियामक संस्थेने 'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा शब्द रूढ केला. १९५१ ते १९८८ संस्थेचा कारभार पाहणारे वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या पुस्तकात कबूल केले की, खेळाडू नोकर ठरतील या भीतीतून हा शब्द घडवला गेला. इतकी स्वच्छ कबुली इतिहासात क्वचितच सापडते!

४/ शिष्यवृत्तीचे पाहा. केवळ क्रीडाकौशल्यावर ती देण्यास १९५६ मध्ये मान्यता मिळाली. १९७३ मध्ये मात्र चार वर्षांची हमी गेली आणि शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली. नूतनीकरण व्यवहारात प्रशिक्षकाच्या मर्जीवर. गुडघा दुखावला, फॉर्म हरपला, नवा प्रशिक्षक आला, की पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा महाविद्यालयांना परत मिळाली ती थेट २०१२ मध्ये.

५/ याउलट खेळाडूने महाविद्यालय बदलले, तर फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या खेळांत त्याला वर्षभर सामन्यांबाहेर बसावे लागे. २०१८ पर्यंत तर नव्या महाविद्यालयाशी बोलणी करण्यासाठीही जुन्याची परवानगी लागे. प्रशिक्षक मात्र करार सोडून पुढच्याच हंगामात दुसऱ्या संघाकडे उभा राहू शके. याला वेठबिगारी म्हणणे अतिशयोक्ती ठरेल; पण न्याय्य म्हणणे त्याहून मोठी अतिशयोक्ती.

६/ पुढचे बदल झपाट्याने झाले. २०१८ मध्ये 'ट्रान्स्फर पोर्टल' आले, २०२१ मध्ये एकदा वर्षभर बाहेर न बसता बदलाची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने उरलेल्या निर्बंधाला स्थगिती दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने तो काढूनच टाकला.

७/ 'सतत बदलामुळे शिक्षणाची आबाळ होते', हा आक्षेप खोटा नाही. पोर्टलमध्ये नाव घालून कुठेच जागा न मिळालेले खेळाडूही आहेत. पण त्यावर उपाय म्हणजे पदवीपर्यंतच्या शिष्यवृत्तीची लेखी हमी. दाराला पुन्हा कुलूप घालणे नव्हे.

८/ जुलै २०२५ पासून महाविद्यालये खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. त्यांना नोकर मानण्यास एनसीएएचा विरोध मात्र अद्याप कायम आहे.