उतारावरचे झाड का कलते?



धडगावकडच्या एका भाऊंनी परवा विचारले, “साहेब, घरामागच्या उतारावरचे आंबे दरीकडे कलले आहेत. पडण्याआधी तोडून टाकू का?” आमचूर देणारी जुनी झाडे ती! मी म्हटले, कुऱ्हाड उचलण्याआधी झाड का कलले ते पाहू.

तोरणमाळचा घाट चढताना बघा, बहुतेक झाडे उतारावरही सरळ आभाळाकडे वाढलेली असतात. जमिनीची ओढ कोणीकडे आहे हे झाडाला कळते. शेंडा तिच्या उलट वर जातो. तरी काही झाडे कलतात, त्याची मुख्य कारणे दोन.

पहिले कारण उजेड. डोंगराच्या बाजूला दाटी व सावली, दरीच्या बाजूला मोकळे आभाळ. म्हणून फांद्या व शेंडा दरीकडे झुकतात. यात भिण्यासारखे काही नाही.

दुसरे कारण माती सरकणे. आपल्या सातपुड्यात पुष्कळ ठिकाणी काळ्या कातळावर माती-मुरमाचा पातळ थर असतो. तो पावसात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि हळूहळू खाली उतरतो. बुंधा मातीबरोबर ढकलला जातो, शेंडा मात्र पुन्हा वर वळतो. मग खोड बुडाशी विळ्यासारखे वाकते व पुढे सरळ होते. कललेला आंबा किंवा साग खोडाच्या वरच्या अंगाला ताण धरणारे लाकूड तयार करून स्वतःला सावरतो. अशा खोडाची फळी पुढे पिळते ती त्यामुळेच.

एक सोपी परीक्षा सांगतो. कुंपणाच्या खांबाला उजेडाची ओढ नसते. झाडांबरोबर खांबही दरीकडेच कलले असतील, तर माती चालते आहे असे समजावे.

अशी झाडे तोडू नयेत. मुळ्यांनीच माती धरलेली असते. तोडल्यावर त्या काही वर्षांत कुजतात आणि धर सुटतो. घरावर येणाऱ्या फांद्या तेवढ्या छाटाव्यात. उतारावर गवत राखावे, आडव्या ओळीत वाळा किंवा बांबू लावावा, पायथा खणू नये.

मात्र अख्खे झाड बुडापासून शेंड्यापर्यंत एकदम तिरपे झाले, जमिनीला नव्या भेगा पडल्या, झऱ्याचे पाणी गढूळ आले, तर गोष्ट वेगळी. तिथे चर खणून पाणी मुरवू नये. वरचे पाणी बाजूला काढावे, तलाठ्यांना कळवावे आणि मुसळधार पावसात तिथे झोपू नये. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी अशाच पावसात दरडीखाली गेली.

भाऊंचे आंबे बुडाशी वाकलेले, वर सरळ आहेत. जमिनीला भेग नाही. ते राहू द्यायचे ठरले आहे. आपणही मृगाच्या आधी एकदा घरामागचा उतार चालून या.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी