मोठा कुत्रा, मोठं ताट आणि मोठा गैरसमज

पूर्वी सुट्टीवर घरी यायचं ठरलं की नातेवाइकांची यादी यायची. बदाम, चॉकलेटं, परफ्यूम, फार तर एखादा कॅमेरा. हल्ली त्या यादीत सगळ्यात वर असतात कुत्र्याच्या कॅल्शियमच्या गोळ्या! "ग्रेट डेनचं पिल्लू आहे रे, हाडं मजबूत व्हायला हवीत. तिकडचा माल चांगला असतो." मी आणत नाही, आणि म्हणून आमच्या गोतावळ्यात कंजूष म्हणून प्रसिद्ध आहे. असो. न आणण्याची कारणं एकदाची लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर पुन्हा पुन्हा ऐकवायला नको.

आधीच सांगतो, मी पशुवैद्य नाही. माझी डॉक्टरेट धातूंना तडे कसे जातात यावर आहे. पण तयार न झालेल्या सांगाड्यावर वेळेआधी भार टाकला की काय होतं, हे कळायला पशुवैद्य असावं लागत नाही. आणि या विषयावरचे शोधनिबंध कोणालाही वाचता येतात. ते वाचायचे सोडून आपण वाचतो डब्यावरची जाहिरात!

ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्धा-पाऊण किलोचं असतं. दीड वर्षात ते ५०-६० किलोचं होतं. म्हणजे सगळं बांधकाम युद्धपातळीवर चाललेलं. आपल्याला वाटतं, एवढं बांधकाम म्हणजे सिमेंट जास्त लागणार, ओता कॅल्शियम! चूक इथेच होते. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याच्या आतड्यात कॅल्शियम किती घ्यायचं आणि किती सोडून द्यायचं हे ठरवणारी एक झडप असते असं समजा. पिल्लाची ही झडप साधारण सहा महिन्यांपर्यंत नीट काम करत नाही. जेवढं पोटात जाईल त्याचा मोठा हिस्सा सरळ रक्तात आणि तिथून हाडांत जातो. १९८५ साली नेदरलंड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हेझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांवर हेच तपासलं. काही पिल्लांच्या खाण्यात १.१ टक्के कॅल्शियम, काहींच्या खाण्यात ३.३ टक्के. जादा कॅल्शियमवाल्या पिल्लांची हाडं मजबूत झाली का? उलट त्यांची घडणच बिघडली. कूर्चेचं हाड वेळेवर होईना, सांधे दुखावले. लहान जातीच्या पिल्लाला हा आगाऊपणा बराचसा सोसतो. डेन, सेंट बर्नार्ड, लॅब्राडोर यांना सोसत नाही, कारण त्यांची वाढच तेवढी झपाट्याने होते.

हे ज्ञान काही अमेरिकेच्या तिजोरीत बंद नाही. इथल्या राज्यांच्या पशुखाद्य अधिकाऱ्यांची 'ॲफ्को' नावाची संघटना आहे. वाढत्या पिल्लांच्या खाद्यासाठी कॅल्शियमची किमान मर्यादा ती १.२ टक्के सांगते. मोठेपणी ७० पौंड, म्हणजे साधारण ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी कमाल मर्यादा १.८ टक्के. इतरांसाठी २.५. (पाणी वगळून उरलेल्या खाद्याचे हे टक्के.) २०१६ पासून पिशवीवर एक बारीक ओळ छापली जाते, की हे खाद्य मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसाठी चालतं की नाही. ती ओळ वाचा. बाकी 'प्रीमियम', 'होलिस्टिक', 'वंशपरंपरागत आहार' वगैरे शब्द म्हणजे लग्नपत्रिकेतलं 'आपला नम्र'. अर्थ शोधायचा नसतो!

आता कोणी म्हणेल, "आमच्या डॉक्टरांनीच बाटली लिहून दिली." तर डॉक्टरांना एवढंच विचारा, की आम्ही पिल्लाला पूर्ण आहार म्हणून विकलं जाणारं खाद्य देतो, त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं आहे, मग वरून हे कशाला? प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

याचा अर्थ कॅल्शियम विष आहे असा मात्र नाही. घरचं नुसतं चिकन आणि भात घालत असाल तर उलटा घोटाळा होतो. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जेमतेम. मग शरीर हाडांतलंच कॅल्शियम काढायला लागतं आणि पिल्लाची हाडं साध्या उडीनेही मोडतात. नुसत्या पोळीवर आणि भातावर वाढवलं तर प्रथिनं कमी पडतात. पिल्लाला किमान २२.५ टक्के लागतात, मोठ्या कुत्र्याला १८. घरचं खाणं द्यायचंच असेल तर जरूर द्या, पण आहाराचं गणित येणाऱ्या पशुवैद्याकडून कागदावर मांडून घ्या. अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालत नाही. आणि त्या घरच्या खाण्यात कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं नकोत. फोडणीची आमटी तुमच्यासाठी ठेवा.

पण माझं खरं भांडण बाटलीशी नाही, ताटाशी आहे. आपल्याकडे प्रेम मोजायचं माप एकच, आग्रह! पाहुण्याला करतो तोच कुत्र्यालाही. "बघा कसा बाळसेदार झालाय" म्हणून सोसायटीतले काका-काकू कौतुक करतात आणि तो बिचारा लॅब्राडोर दुसरा मजला चढताना धापा टाकतो. (इथे अमेरिकेतही लठ्ठ कुत्र्यांची काही कमी नाही, तेव्हा ही खास आपलीच खोड समजू नका.)

याची किंमत काय, तेही मोजून झालेलं आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या. एकाच विणीतली भावंडं, एकाला जेवढं खायला त्याच्या २५ टक्के कमी दुसऱ्याला. शेवटचं कुत्रं जाईपर्यंत हा प्रयोग चालला आणि आयुर्मानाचे निष्कर्ष २००२ साली छापून आले. भरपेट गटाचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. जवळजवळ दोन वर्षांचा फरक! निम्म्या कुत्र्यांना सांधेदुखीचे उपचार लागायचं वय भरपेट गटात १०.३, दुसऱ्या गटात १३.३. आणि हा प्रयोग केला कोणी? प्युरिनाने, म्हणजे कुत्र्याचं खाद्य विकणाऱ्या कंपनीने! दुकानदारच 'थोडं कमी घ्या' म्हणतोय, तर ऐका की.

"पण तो सारखा भुकेला असतो हो, बघवत नाही." लॅब्राडोर असणारच. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडोरांमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशी कुत्री जास्त हावरी आणि जास्त वजनाची असतात. त्याचे ते पाणीदार डोळे म्हणजे उपासमार नव्हे. त्याला थांबता येत नाही, म्हणून तर थांबवायचं काम तुमचं.

बाकी गोष्टी फार अवघड नाहीत. मोठ्या जातीच्या पिल्लाचं खाद्य वर्ष-दीड वर्ष, फारच अवाढव्य जातीत दोन वर्षांपर्यंत. भांडं दिवसभर भरून ठेवायचं नाही, मोजून द्यायचं. नसबंदी झाली की भूक वाढते आणि गरज घटते, तेव्हा माप कमी करायचं. एकदाच डोंगरभर वाढण्यापेक्षा दोनदा द्यायचं, कारण खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो. मान अवघडू नये म्हणून भांडं स्टुलावर ठेवायची फॅशन आहे, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात त्याने हा धोका वाढलेलाच दिसला. सहा-सात वर्षांनी म्हातारपण सुरू होतं. तेव्हा 'सीनियर' छापलेली पिशवी पाहून भुलू नका, ॲफ्कोकडे या वयासाठी वेगळं प्रमाणच नाही. मूत्रपिंड ठीक असेल तर प्रथिनं कापू नका, उष्मांक कापा. म्हातारपणी मांस झडतं, ते राखायचं आहे.

तेव्हा मंडळी, आज एवढं करा. पंजा पसरून त्याच्या पाठीमागच्या बाजूवरून बोटं फिरवा. हाडं लागतात, पण टोचत नाहीत. मग कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. तिथे तसंच लागलं तर छान. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर उद्यापासून एक मूठ कमी. शेजारचे म्हणतील, "काय हो, खायला घालत नाही का?" म्हणू देत. त्याचे पाय त्यांना नाही, तुम्हाला उचलावे लागतील.