शेऱ्याचा रकाना

धसई हे मुरबाड तालुक्यातले बाजाराचे गाव. आजूबाजूच्या गावापाड्यांचे मीठमिरची, बियाणे, छत्री, चप्पल सगळे इथून जाते. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या आणि चार आठवडेही उलटले नव्हते तोच, १ डिसेंबरला, धसई हे राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने पुढाकार घेतला, बँक ऑफ बडोदाने कार्ड घासायची यंत्रे दिली, राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उद्घाटनाला आले. पुढे तिथे पुन्हा फिरकलेल्या पत्रकारांना गल्ल्यात रोकडच दिसली.

यावर टिंगल करणारे पुष्कळ झाले. ती टिंगल मला स्वस्त वाटते. माझा प्रश्न यंत्र बंद पडले त्या दिवसाचा नाही, नीट चालले त्या दिवसाचा आहे. गिऱ्हाइकाने कार्ड घासले, रक्कम बँकेच्या संगणकात गेली, दुकानदाराकडे उरली एक पातळ चिठ्ठी. उष्णतेने उमटणारा तो कागद काही महिन्यांत कोरा होतो. कोणत्याही गावातल्या दुकानदाराची उधारीची वही घ्या. कोण, काय, कितीला, आणि भात विकल्यावर देणार की गणपतीआधी, हे सगळे तिच्यात असते. यंत्राला ठाऊक फक्त ‘कितीला’. म्हणजे यंत्राने दुकानदाराला वहीपेक्षा जास्त काहीच सांगितले नाही. जे सांगितले ते बँकेला.

सध्या कचेऱ्याकचेऱ्यांत खपणाऱ्या एका मालाबद्दल मला हाच संशय येतो. त्याचे नाव ‘सेल्फ सर्व्हिस बिझनेस इंटेलिजन्स’. पॉवर बीआय, टॅब्लो, लुकर स्टुडिओ ही त्यातली चलनी नावे. काम असे की, कचेरीतल्या कोणत्याही माणसाने प्रोग्रॅमरच्या हातापाया न पडता आपल्याच खात्याची आकडेवारी उघडावी, रकाने ओढून तक्ते-आलेख करावेत आणि ते सहकाऱ्यांना पाठवावेत.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो दुबळा नाही. पूर्वी मोठ्या कचेरीत एक साधा आकडा हवा असला तरी संगणक विभागाला पत्र लिहावे लागे. पत्र जाई, स्मरणपत्र जाई, आणि उत्तर येईपर्यंत प्रश्न शिळा झालेला असे. १९७९ साली व्हिसीकॅल्क आले आणि हिशेबाचा कागद पडद्यावर आला. मग एक्सेल आले, २००३ साली टॅब्लो कंपनी निघाली, २०१५ साली पॉवर बीआय बाजारात आले आणि त्याची डेस्कटॉप आवृत्ती फुकट मिळू लागली. जे काम करायला विभाग लागत असे ते आता एका माणसाला एका दुपारी जमते. याला माहितीचे लोकशाहीकरण म्हणतात, आणि म्हणणारे सगळेच विक्रेते नसतात.

आता उत्तरपक्ष. ‘सेल्फ सर्व्हिस’ ही पाटी मराठी माणसाला नवी नाही. मुंबई-ठाण्याच्या खाणावळींत ती कधीची आहे. तिचा अर्थ एवढाच की, ताट तुम्ही उचला आणि वाढप्याचा पगार मालक वाचवील. भटारखान्यात शिरून आज आमटीत काय पडले ते पाहायची मुभा त्या पाटीत नसते. कचेरीतही हेच झाले. आलेख काढायचे काम कारकुनाच्या, शिक्षकाच्या, परिचारिकेच्या माथी आले. पण रकाने कोणते असावेत, ‘कुटुंब’ म्हणजे काय, ‘लाभार्थी’ कोणाला म्हणावे, हे ठरवायची जागा कुलपातच राहिली. मी एका कचेरीत बरीच वर्षे अशी प्रपत्रे भरली आहेत. वरून साचा यायचा, ‘आजच्या आज’ असा शेरा मारून. एकदा आमच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण साच्यात त्याला रकाना नव्हता. आम्ही ‘निरंक’ लिहून पाठवले. पुढच्या बैठकीत पडद्यावर आमच्या विभागापुढे हिरवा ठिपका झळकला.

सरकारी कागदाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ठाऊक असते की, रजिस्टरातला सगळ्यात खरा रकाना शेवटचा असतो: शेरा. बाकीचे रकाने वरच्यांनी आखलेले असतात. शेरा लिहिणाऱ्याचा. ‘घर बंद’, ‘पुलावरून पाणी’, ‘बैल मेला’, ‘आईसोबत भट्टीवर’. डॅशबोर्ड करताना सर्वांत आधी गळतो तो हा रकाना, कारण त्याची बेरीज होत नाही.

‘आईसोबत भट्टीवर’ याचेच पाहा. मुरबाड-शहापूरच्या कातकरी वाड्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, लेकराबाळांसकट, आणि पावसाच्या तोंडावर परततात. अंगणवाडी सेविका दर महिन्याला मुलांची वजने घेते. समजा, दिवाळीआधी चाळीस मुलांत आठ कमी वजनाची होती, आणि त्या आठांपैकी सहा घरच्यांबरोबर गेली. जानेवारीत चौतीस मुलांत दोन. पडद्यावरची रेघ वीस टक्क्यांवरून सहा टक्क्यांच्या खाली येईल, आणि ठाण्याच्या बैठकीत कोणीतरी शाबासकीही घेईल. त्या सहा मुलांची पोटे मात्र जिथे होती तिथेच आहेत, फक्त तालुका बदलला. हे सेविकेला ठाऊक आहे. आलेखाला नाही. सॉफ्टवेअर कितीही महाग घेतले तरी न नोंदलेली गोष्ट त्याला काढता येत नाही.

याला पुराव्याची जोड हवी असेल तर २०२१ साल आठवा. केंद्राचे पोषण ट्रॅकर अॅप त्या वर्षी आले. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट, आणि अॅप इंग्रजीत. या बायका तंत्रज्ञानाला घाबरतात, असे तेव्हा बोलले गेले. त्याच बायका घरच्या फोनवर बचतगटाचे हिशेब ठेवत होत्या आणि मुलांचे फोटो गावभर पाठवत होत्या! हे साधन त्यांच्याकडून माहिती घेणारे होते, त्यांना माहिती देणारे नव्हते, आणि घेतानासुद्धा त्यांच्या भाषेत बोलत नव्हते. यंत्राशी त्यांचे भांडण नव्हते, व्यवहाराशी होते.

इथे एक दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा घातक वाटतो. तो म्हणतो: बरोबर, म्हणूनच ही साधने सामान्यांच्या हाती देऊ नका. प्रत्येकजण आपापला आलेख काढू लागला तर एकाच कचेरीत एकाच गोष्टीचे पाच आकडे फिरतील. आकडेवारी तज्ज्ञांनी एका जागी राखावी, बाकीच्यांनी निष्कर्ष वाचावेत.

तज्ज्ञांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच दोन गोष्टी आठवतात. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी निबंध लिहिला की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेले की देशाची वाढ खुंटते. काटकसरीची धोरणे रेटणारे त्याचा दाखला देत राहिले. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला, अभ्यासाचा भाग म्हणून, ते आकडे पुन्हा करून पाहायचे होते. जुळेनात. त्याने लेखकांकडे त्यांची मूळ एक्सेल फाइल मागितली, त्यांनी ती दिली, आणि दिसले की सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देश आलेच नव्हते. आणखीही आक्षेप निघाले, पण ही चूक लेखकांनी स्वतः कबूल केली. दुसरी गोष्ट २०२० सालची. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या कोरोना-अहवालातून १५,८४१ बाधितांची नोंद गळाली, कारण वापरलेल्या जुन्या एक्सेल प्रकारात पासष्ट हजारांच्या वर ओळी मावत नाहीत. दोन्ही चुका तज्ज्ञांच्या घरातल्या. पहिली सापडली ती एका विद्यार्थ्याच्या हाती वही पडली म्हणून. निबंधात छापलेल्या आलेखाकडे तो जन्मभर पाहत बसला असता तरी ते पाच देश त्याला दिसले नसते.

माझे मंडन इथून सुरू होते. सध्याच्या डॅशबोर्डात ‘शेअर’ म्हणजे चित्र पाठवणे. चित्र छान असते, मोबाइलवर उघडते, साहेब पुढे ढकलतात. पण चित्राशी वाद घालता येत नाही. वाटायचीच असेल तर मूळ वही वाटा: ओळी, सूत्रे, व्याख्या, आणि शेरे. एकाच गोष्टीचे पाच आकडे निघाले तर निघू द्या. ते पाच का निघाले हे पाहिले की, ‘गाव’ या शब्दाचे पाच अर्थ पाच टेबलांवर चालू होते, हे कळते. एकच आकडा लादला की ते कळायची सोयच संपते.

‘गाव’ हा शब्द मुद्दाम घेतला. शहापुरात भातसा आहे, तानसा आहे. पावसाळ्यात मुंबईकर सकाळी चहाबरोबर सात तलावांचा साठा वाचतो, टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत. पाण्याचा इतका देखणा डॅशबोर्ड देशात क्वचितच असेल. आणि त्याच शहापुरातले पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. तलावाचा आकडा रोज निघतो, कारण तो विचारणारे शहर बलवान आहे. महसुली गाव हे एकक धरले की गावठाणातला नळ आणि डोंगरावरच्या पाड्यातली कोरडी विहीर एकाच सरासरीत विरघळतात. टँकरच्या सरकारी तक्त्यात वाड्या-पाडे वेगळे मोजतात, ते शहाणपणाचे आहे. ज्या ज्या प्रपत्रात ‘पाडा’ हा रकाना नाही, तिथे तो घालायची मुभा ग्रामसेवकाला असेल तर मी त्या साधनाला स्वयंसेवा म्हणेन. नुसते वर्तुळाचे तुकडे निळे करायचे की केशरी, एवढेच ठरवता येत असेल तर नाही.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणेल, म्हणून मुरबाडचेच उदाहरण देतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, आणि २००७पासून महाराष्ट्रात ‘लोकाधारित देखरेख’ नावाची प्रक्रिया पाच जिल्ह्यांत उभी राहिली: पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद. राज्यपातळीवर पुण्याची ‘साथी’ संस्था होती, मुरबाडमध्ये ‘वननिकेतन’. गावच्या समितीने बसून प्रश्नांची उत्तरे द्यायची: नर्सबाई येते का, औषधे मिळतात का, पैसे मागतात का. उत्तरावरून कार्डात रंग भरायचा. बरे असेल तर हिरवा, मधले असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही लाल समजतो. मग जनसुनवाई, आणि तिथे डॉक्टर-अधिकारी समोर बसलेले.

या कार्डाला ना परवाना लागला ना सर्व्हर. पॉवर बीआयमधले लाल-पिवळे-हिरवे दिवे आणि हे कार्ड दिसायला जुळी भावंडे. फरक एवढाच की, कचेरीतल्या दिव्याचा रंग ज्याची तपासणी चालू आहे त्याच्याच भरलेल्या आकड्यावरून ठरतो, आणि इथला रंग सेवा घेणाऱ्याने भरला. हान्स पीटर लून या आयबीएमच्या संशोधकाने १९५८ साली ‘बिझनेस इंटेलिजन्स’ याच नावाची यंत्रणा कल्पिली, तेव्हा त्याच्याही डोक्यात प्रश्न होता तो संस्थेतल्या ज्या जागी कृती होते त्या त्या जागी हवी ती माहिती पोचवायचा. आपल्याकडे कृतीची जागा म्हणजे साहेबाची केबिन, असा अर्थ कोणी आणि कधी लावला देव जाणे.

एका आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. वही उघडी केली की माणसेही उघडी पडतात. बारा घरांच्या पाड्यात नाव खोडले तरी ‘क्षयरोग, पुरुष, वय ४२’ म्हणजे कोण हे सगळ्यांना कळते. रोगाची वही चौकात नकोच. पण या भीतीचा वापर कसा होतो तेही पाहा. रोजगार हमीच्या मजुराचे नाव, दिवस, मजुरी वर्षानुवर्षे संकेतस्थळावर जगजाहीर आहे. त्याबद्दल कोणाला खासगीपणाचा उमाळा आला नाही. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमालाच हात घातला. झाकायचे कोणाला आणि उघडे टाकायचे कोणाला, याचाही एक तक्ता करून पाहावा.

तेव्हा साधने आणा, हे मी म्हणेनच. अक्षर बरे नाही म्हणून पाटी फोडणाऱ्यांतला मी नाही. रजिस्टरे उंदीर खातात, आणि बारा महिन्यांची वजने एका नजरेत दाखवायला फोनसारखी सोय नाही. पण खरेदीचा कागद फिरू लागला की मला त्यात परवाने किती आणि रंग किती हे वाचायचे नाही. सेविकेला तिच्याच अंगणवाडीचे मागचे वर्ष तिच्या भाषेत दिसेल का? तिने सहा वेळा शेऱ्यात ‘भट्टीवर’ लिहिले, तर सातव्या वेळी त्याचा रकाना तिला स्वतःला, कोणाची परवानगी न घेता, आखता येईल का? आणि तो रकाना आखल्यावर जानेवारीच्या बैठकीत पडद्यावर दोनऐवजी आठ दिसले, रेघ वर गेली, तर तिला कारणे दाखवा नोटीस निघेल की भिवंडीच्या अंगणवाडीला फोन जाईल?