वाडा पडला, मागचे दार शाबूत!

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा. बुलडाणा जिल्ह्यातील या जुन्या गावांच्या पेठेतून कोणीही एक फेरी मारून यावी. जिथे पिढ्यान्‌पिढ्या वाडा उभा होता तिथे आता पत्रे ठोकलेले दिसतात. आत पांढऱ्या मातीच्या भिंती उकरल्या जात असतात, सागवानी खांब आणि तुळया ट्रकमध्ये भरल्या जात असतात. बाहेर फलक लागलेला असतो : खाली दुकाने, वर वन बीएचके, टू बीएचके फ्लॅट. भावाभावांत वाटण्या झाल्या, मुले पुण्या-मुंबईला गेली, धाब्याच्या घराला दरसाल माती घालायला माणूस मिळेना, म्हणून वाडा बिल्डरच्या हाती गेला. यात अघटित काही नाही.

वाडा गेला म्हणून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत उसासे टाकले जातात. चौकातली तुळस, ओसरीवरचा झोपाळा, देवघरातली समई आठवून लेखक मंडळी गहिवरतात. आम्हाला मात्र गहिवर येत नाही. सिंदखेड राजाचा लखुजी जाधवांचा वाडा ही गोष्ट वेगळी. तो जिजाऊंच्या जन्माचा इतिहास आहे, तो जपलाच पाहिजे. पण पेठेतल्या सावकारी वाड्यांची आमच्या बापजाद्यांची आठवण झोपाळ्याची नाही, मागच्या दाराची आहे. पुढे दिंडी दरवाजा, मग ढेलज, मग चौक, मग माजघर, अशी वाड्याची रचना. कोणी कुठपर्यंत यायचे ते जातीवर ठरलेले. लाकूडफाटा टाकणारा, मेलेले ढोर ओढणारा, टोपलीचा संडास साफ करणारा, या सगळ्यांसाठी मागची बोळ आणि मागचे दार. वाड्याचा नकाशा हा जातिव्यवस्थेचाच नकाशा होता. तो पडत असेल तर खुशाल पडू द्या!

आमचा सवाल पुढचा आहे. वाडा पडला, पण मागचे दारही पडले काय? आमचे स्पष्ट मत आहे की ते पडलेले नाही. ते नव्या इमारतीत तीन ठिकाणी शाबूत आहे.

पहिले ठिकाण म्हणजे मागच्या खोल्यांतला भाडेकरू. अनेक वाड्यांच्या मागच्या अंगाला हमाल, शिंपी, विधवा बाया, लहान दुकानदार तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे भाड्याने राहतात. वाड्याचा सौदा होतो आणि त्यांना सांगितले जाते, "इमारत धोक्याची आहे, महिन्यात खाली करा." हातावर थोडे पैसे ठेवले की काम झाले! कायदा असे सांगत नाही. विदर्भात पूर्वी १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. हा कायदा ज्या भागांना लागू आहे तिथे, जुनी इमारत पाडून नवी बांधण्यासाठी भाडेकरूला काढायचे असेल तर मालकाला न्यायालयात जावे लागते. पैसा आणि नकाशे तयार आहेत हे दाखवावे लागते आणि नव्या इमारतीत त्या भाडेकरूला जागा देण्याची हमी द्यावी लागते. भाड्याची पावती देणे हेही मालकावर बंधनकारक आहे. शिवाय डिसेंबर २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्राची तरतूद आहे. म्हणजे ज्या भाडेकरूला अडगळ म्हणून हुसकावले जाते, त्याच्याच नावावर मालकाला वरचे मजले मिळू शकतात. हे भाडेकरूला कोण सांगणार? मालक तर सांगणार नाही.

काही मालक वाडा पाडतही नाहीत. पुढचा भाग तसाच ठेवून वर स्लॅब टाकतात आणि मजले चढवतात. मातीची भिंत स्वतःचे धाबे पेलते, सिमेंटचा स्लॅब पेलत नाही. पावसाचे पाणी मुरले की ती बसते. पूर्णा खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया कठीण मुरुमापर्यंत नेऊन कॉलम उभे केल्याशिवाय तिथे वरचा मजला म्हणजे मृत्यूचा सापळा. भिंत कोसळते तेव्हा खाली कोण असतो? मालक नसतो. मजूर असतो, नाहीतर मागच्या खोलीतला भाडेकरू असतो.

दुसरे ठिकाण म्हणजे फ्लॅटची विक्री. आमचा शिक्षक, बँकेतला कारकून, एस. टी.चा कंडक्टर कर्ज मंजूर करून घेऊन पेठेत फ्लॅट बघायला जातो. भाव ठरतो. मग आडनाव विचारले जाते. आडनावावरून कळले नाही तर गाव, आणि गावावरूनही कळले नाही तर "जेवणात काय चालते?" दुसऱ्या दिवशी निरोप येतो, "तो फ्लॅट बुक झाला." वऱ्हाडातलेच अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. दलित आणि त्याहूनही अधिक मुस्लिम नावाच्या माणसाला घर नाकारले जाते, हेच त्यातून पुढे आले. देशाच्या राजधानीत ही तऱ्हा, तर तालुक्याच्या गावाचे काय सांगावे?

१९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव लावून पथिकाश्रमात राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. चारच वर्षांनी लंडनमध्ये, १० किंग हेन्री रोड या जुन्या घरात, त्याच बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले. राहत्या घराचा वापर बदलायला तिथल्या कॅम्डन कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. चौकशी झाली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारने स्मारकाला मान्यता दिली. एका राज्याच्या सरकारलाही घराचा वापर बदलताना नियमापुढे उभे राहावे लागले. मग आमच्या पेठेतला वाडा नियमाच्या वर कसा?

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा सांगितला आहे. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? दुसऱ्या बाजूने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. ही फट कोणाच्या उपयोगी पडते हे सांगायला नको. म्हणून कायदा वाचून, कागद जमवून लढावे लागेल. नुसत्या संतापाने फ्लॅटची किल्ली मिळत नाही.

घेतानाही सावध असावे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी सक्तीची नाही. पेठेतले बहुतेक वाडे या मापातच बसतात. तिथे १९६३ चा मोफा कायदा हाच आधार. त्यानुसार किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी बिल्डरला नोंदणीकृत करार करून द्यावा लागतो. तोंडी शब्दावर आणि कच्च्या पावतीवर भविष्य निर्वाह निधीचे पैसे मोडू नका.

तिसरे ठिकाण जमिनीखाली आहे. जिथे भुयारी गटार नाही तिथे प्रत्येक अपार्टमेंटखाली सेप्टिक टँक असते. टोपलीचा संडास गेला, चकचकीत फरशीचा संडास आला. पण टँक भरली की बोलावणे कोणाला येते? त्याच बोळीतल्या माणसाला! २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधने आणि सुरक्षेची काळजी यांविना टँकमध्ये माणूस उतरवण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. पण भरपाईने बाप परत येत नाही. यंत्राची गाडी पोहोचेल अशी टँक नकाशात दाखवल्याशिवाय नगरपालिकेने परवानगीच देऊ नये, ही आमची मागणी आहे.

समाजबांधवांनो, प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी पेठेतल्या पडायला आलेल्या वाड्यांची यादी करावी. मागच्या खोल्यांत कोण राहतो ते पाहावे, त्याच्या पावत्या, वीजबिले, रेशनकार्ड एका फायलीत लावून द्यावे. नगरपालिकेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून मंजूर नकाशा मागवावा. ज्याला आडनावावरून फ्लॅट नाकारला गेला त्याने गप्प बसू नये, तारखेसह लिहून ठेवावे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. आमच्या आजोबांना त्या वाड्यात मागच्या दाराने जावे लागले. त्यांच्या नातवाचे नाव त्याच जागेवरच्या इमारतीत, पुढच्या जिन्यापाशी, दाराच्या पाटीवर लागले पाहिजे. तोवर वाडा पडला असे आम्ही मानणार नाही.